वारा नाही, पाऊस नाही, तरी पहाटे लाइट का जाते? इन्सुलेटरवरचं मीठ आणि त्याचं मोजमाप

कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे तीन-चारच्या सुमारास लाइट जाते. वादळ नाही, पाऊस नाही, कुठे झाड पडलेलं नाही. बाहेर फक्त दव पडलेलं असतं. वायरमन बॅटरी घेऊन लाइनखालून फिरतो, त्याला काही सापडत नाही. ऊन वर आल्यावर लाइन चालू केली तर ती व्यवस्थित टिकते. मग गावात चर्चा सुरू होते, "काही झालेलं नव्हतं, मुद्दाम बंद ठेवली."

अशा प्रत्येक वेळी कारण एकच असेल असं आम्ही म्हणणार नाही. तारेला लागणारी फांदी, तडा गेलेला इन्सुलेटर, ढिला पडलेला जोड, अशी कारणं असतातच. पण समुद्राजवळच्या गावात, दवाच्या रात्री लाइट गेली आणि सकाळी काहीच सापडलं नाही, तर एका गुन्हेगाराकडे आधी बघायला हवं. तो म्हणजे मीठ. गंमत अशी की हे मीठ मोजता येतं, आणि मोजलं तर लाइट जाण्याआधीच धोका कळतो.

आपल्या घरांसाठी हा विषय आणखी एका कारणाने जवळचा आहे. सहरीची वेळ आणि दवाची वेळ एकच. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या सुरुवातीला, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीला आणि त्यानंतर ऐन थंडीत येईल. म्हणजे पुढची काही वर्षं सहरीचा स्वयंपाक नेमका त्या तासांत होणार आहे, ज्या तासांत किनाऱ्यावरच्या लाइन सर्वांत नाजूक असतात. ज्यांच्या घरी आजारी माणसासाठी ऑक्सिजनचं मशीन चालतं, ज्यांचा मासळीचा बर्फ विजेवर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी तर हा प्रश्न बारा महिन्यांचा आहे.

इन्सुलेटर नेमकं काय करतो?

खांबावर तार थेट लोखंडाला बांधलेली नसते. तार आणि लोखंड यांच्यामध्ये चिनी मातीची, काचेची किंवा रबरासारख्या सिलिकॉनची एक वस्तू असते. तोच इन्सुलेटर. गावातल्या ११ किंवा ३३ हजार व्होल्टच्या लाइनवर तो एकेकटा उभा दिसतो. मोठ्या टॉवरवर बशा एकाखाली एक अडकवाव्यात तशी त्याची माळ लटकलेली असते. त्यातल्या एकेका बशीला डिस्क म्हणतात.

इन्सुलेटरला कंगोरे आणि घड्या असतात, त्या शोभेसाठी नाहीत. विजेला तारेपासून खांबापर्यंत त्याच्या अंगावरून सरकत जायचं झालं तर वाट जितकी लांब तितकं चांगलं. सरळ उंची वीतभर असली तरी घड्यांवरून मोजलेलं अंतर त्याच्या दुप्पट किंवा जास्तही भरतं. पृष्ठभागावरचं हे अंतर लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळा हिशोब येणार आहे.

कोरडं मीठ गप्प, ओलं मीठ घातक

लाटा फुटतात तेव्हा पाण्याचे बारीक तुषार हवेत उडतात. पाणी वाळतं, मिठाचे कण उरतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. पत्रे गंजतात, गाडीला खड्डे पडतात, खिडकीच्या काचेवर पांढरट थर येतो, ते याच मिठामुळे. इन्सुलेटरवरही तेच बसतं. किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत गेलं की त्याचं प्रमाण झपाट्याने कमी होतं, पण वादळी वारा तेच मीठ बरंच आत नेऊन टाकतो.

कोरडं असताना हे मीठ जवळजवळ निरुपद्रवी असतं. कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. पण पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. हवेतला ओलावा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून घेऊन विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याहूनही कमी ओलाव्यात पाझरतात. खारं पाणी मात्र विजेचं चांगलं वाहक आहे.

मग पुढचं सगळं क्रमाने घडतं. पहाटे इन्सुलेटर गार पडतो, त्यावर दव धरतं आणि मिठाचा थर ओला होतो. त्यातून थोडा थोडा करंट खांबाकडे झिरपू लागतो. त्या करंटने थर तापतो आणि काही जागी सुकतो. सुकलेल्या पट्ट्याने करंटची वाट अडते आणि सगळं व्होल्टेज त्या अरुंद पट्ट्यावर येऊन पडतं. हवा ते सहन करू शकत नाही, ठिणगी उडते. अंधारात निळसर-जांभळ्या ठिणग्या दिसतात आणि चरचर असा आवाज येतो, तो याचाच. अशा ठिणग्या वाढत, जोडत गेल्या की एक क्षण असा येतो की तारेपासून खांबापर्यंत पूर्ण जाळ होतो. इंजिनीअर याला फ्लॅशओव्हर म्हणतात. सबस्टेशनमधला ब्रेकर लाइन बंद करतो आणि गावात अंधार होतो.

आता वायरमनला काही का सापडत नाही ते लक्षात येईल. तो पोहोचेपर्यंत किंवा ऊन येईपर्यंत दव सुकलेलं असतं. मीठ पुन्हा कोरडं, पुन्हा गप्प. पुरावाच उडून गेलेला असतो.

जोरदार पावसात हा त्रास कमी का, हाही प्रश्न पडतो. धो धो पाऊस मीठ धुऊन टाकतो. दव, धुकं आणि रिमझिम मात्र थर फक्त ओला करतात, धुवत नाहीत. म्हणून लांब कोरड्या काळानंतरची पहिली भुरभुर ही ऐन पावसाळ्यातल्या झडीपेक्षा जास्त धोक्याची असते.

जपानमधला अनुभव

मीठ आणि अंधार यांच्यामध्ये दिवसांचं अंतर असू शकतं, हे जपानने चांगलंच अनुभवलं आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये तिथे आलेल्या १९ क्रमांकाच्या वादळाने हिरोशिमा परिसरात समुद्राचं मीठ आणून टाकलं. वाऱ्याच्या मानाने पाऊस कमी पडला, मीठ धुतलं गेलं नाही आणि मोठ्या भागाची वीज गेली.

२०१८ मध्ये ३० सप्टेंबरच्या रात्री ‘ट्रामी’ हे वादळ जपानवरून गेलं. वादळ संपलं, लोक कामाला लागले. आणि ५ ऑक्टोबरला टोकियोला लागून असलेल्या चिबा भागातल्या केईसेई रेल्वेच्या सगळ्या मार्गांवरच्या गाड्या बंद पडल्या. कारण विजेच्या साहित्यावर बसलेलं मीठ. वादळ जाऊन चार दिवस उलटले होते. किनाऱ्यावरच्या आपल्यासारख्यांनी एवढं लक्षात ठेवावं की वारा थांबला म्हणजे धोका टळला असं नसतं.

मीठ मोजतात कसं?

पद्धत ऐकायला साधी आहे. इन्सुलेटर पुसायचा, पुसलेलं मीठ शुद्ध पाण्यात उतरवायचं आणि त्या पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघायचं.

घरी आरओ फिल्टर बसवायला आलेला माणूस पाण्यात एक पेनासारखं यंत्र बुडवून टीडीएस दाखवतो, ते आपण बघितलं आहे. ते यंत्र खरं तर पाण्याची वाहकता मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. इन्सुलेटरचं मीठ मोजायची पद्धत याच तत्त्वावर चालते, फक्त यंत्र जास्त अचूक आणि शिस्त जास्त कडक.

चालू लाइनवरचा इन्सुलेटर पुसता येत नाही हे उघड आहे. म्हणून लाइनच्या किंवा सबस्टेशनच्या जवळ, साधारण त्याच उंचीवर, वीज नसलेली सात-आठ डिस्कची एक वेगळी माळ टांगतात. तिला तोच वारा, तेच दव, तीच धूळ लागते. ठरलेल्या दिवशी त्यातल्या डिस्क हलक्या हाताने खाली उतरवतात.

इथून पुढे स्वच्छता महत्त्वाची. हातमोजे स्वच्छ हवेत, कारण आपल्या घामातही मीठ असतं. भांडं, कापूस, स्पंज सगळं आधी शुद्ध पाण्याने धुतलेलं हवं. मग मोजून घेतलेल्या डिस्टिल्ड पाण्यात कापूस भिजवून डिस्कचा चिनी मातीचा भाग पुसतात. लोखंडी टोपी आणि सिमेंटला हात लावत नाहीत. कापूस त्याच पाण्यात पिळतात, पुन्हा पुसतात, सगळी घाण पाण्यात उतरेपर्यंत. एक थेंबही सांडायचा नाही. वरची बाजू आणि खालची बाजू वेगळी पुसली तर आणखी चांगलं. पावसाने वरची बाजू धुतली जाते, खालच्या घड्यांमधलं मीठ तसंच राहतं, हा फरक त्यात दिसतो.

शेवटी पाणी ढवळून त्याची वाहकता आणि तापमान, दोन्ही मोजतात. तापमान कशासाठी? तेच खारं पाणी गरम झालं की जास्त वीज वाहतं. ३० अंशाला यंत्राने १००० आकडा दाखवला तर २० अंशाच्या हिशोबाने तो ८१०च्या आसपास धरतात. जगभर सगळे आकडे २० अंशावर आणून लिहितात, म्हणजे रत्नागिरीची आणि जपानची तुलना करता येते.

हिशोब करून बघू

समजा, एका डिस्कचं पृष्ठफळ १५०० चौरस सेंटीमीटर आहे आणि ती ३०० मिलिलीटर पाण्यात पुसली. २० अंशाला पाण्याची वाहकता भरली सेंटीमीटरला १००० मायक्रोसिमेन्स. एवढी वाहकता येण्यासाठी दर मिलिलीटरमध्ये सुमारे ०.५६ मिलिग्रॅम मीठ लागतं. ३०० मिलिलीटरमध्ये झालं १६८ मिलिग्रॅम. त्याला १५०० ने भागलं की उत्तर येतं ०.११ मिलिग्रॅम दर चौरस सेंटीमीटर.

या आकड्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ईएसडीडी म्हणतात. मराठीत सांगायचं तर ‘मिठाच्या बरोबरीचा थर’. ‘बरोबरीचा’ म्हणायचं कारण असं की त्या घाणीत फक्त खायचं मीठ नसतं. खताचे, सिमेंटचे, धुराचे क्षारही असतात. ते सगळे मिळून पाण्याची वाहकता जेवढी वाढवतात, तेवढीच वाढवायला साधं मीठ किती लागलं असतं, ते हा आकडा सांगतो.

१६८ मिलिग्रॅम म्हणजे किती? चहाच्या एका चमच्यात साधारण ६ ग्रॅम मीठ मावतं. तेवढं मीठ अशा ३५ डिस्कना पुरेल. एवढ्याशा मिठाने काय होतंय, असं वाटेल. पण ढोबळ हिशोबात ०.०३ पर्यंतचा आकडा हलका मानतात आणि ०.१ च्या पुढे गेला की सावध व्हायची वेळ आली असं धरतात. म्हणजे चिमटीत मावणाऱ्या मिठाने डिस्क धोक्याच्या बाजूला जाते.

मातीही मोजावी लागते

मीठ विरघळतं, माती विरघळत नाही. पण माती, सिमेंटची धूळ, काजळी हे सगळं स्पंजासारखं दव धरून ठेवतं. तेवढंच मीठ असलेल्या दोन इन्सुलेटरपैकी ज्याच्यावर माती जास्त, तो जास्त वेळ ओला राहतो आणि लवकर दगा देतो. म्हणून वाहकता मोजून झाली की तेच पाणी फिल्टर पेपरमधून गाळतात. कोरड्या पेपरचं वजन आधी केलेलं असतं, गाळल्यावर तो पूर्ण वाळवून पुन्हा करतात. वाढलेलं वजन ती माती. तिला पृष्ठफळाने भागलं की न विरघळणाऱ्या थराचा आकडा मिळतो. मीठ आणि माती हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच जागेचा निर्णय होतो. २००८ साली आलेल्या आयईसी ६०८१५ या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात या दोन आकड्यांवरून जागेचे अगदी हलक्यापासून अतिशय जड असे पाच वर्ग पाडले आहेत.

मीठ येतं कुठून? चार नळ्या सांगतात

लाइन अजून उभीच राहायची असेल तर? त्यासाठी दुसरं साधं साधन आहे. साधारण तीन मीटर उंचीच्या खांबावर चार उभ्या नळ्या बसवतात. प्रत्येक नळीला एका दिशेला उघडणारी उभी फट, तळाशी डबा. वाऱ्याने आत आलेली धूळ आणि मीठ डब्यात पडतं. महिन्याने प्रत्येक डब्यात अर्धा लीटर शुद्ध पाणी घालून वाहकता मोजतात. पश्चिमेच्या डब्याचा आकडा मोठा आला तर समुद्र कारणीभूत, पूर्वेचा मोठा आला तर खाण, भट्टी, रस्ता कुठे आहे ते बघायचं. यात इन्सुलेटरही लागत नाही आणि वीजही लागत नाही.

मोजायचं कधी?

इथे सगळ्यात जास्त गफलत होऊ शकते. जुलैत डिस्क उतरवली तर ती स्वच्छ निघेल आणि कागदावर गाव निर्धोक ठरेल. कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस धुण्याचं काम करतो. पाऊस गेला की मीठ जमायला लागतं आणि पुढच्या पहिल्या पावसापर्यंत वाढत राहतं. त्यामुळे थंडीत दवाच्या दिवसांत आणि मे अखेरीला घेतलेलं माप खरं सांगतं. म्हणूनच निदान वर्षभर, ठराविक अंतराने मोजायचं आणि त्यातला सरासरी नव्हे तर सर्वांत मोठा आकडा धरायचा, असा नियम आहे. लाइन सरासरी दिवशी बंद पडत नाही, सर्वांत वाईट दिवशी पडते.

आकडा हाती आला, पुढे काय?

उपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला, विजेची पृष्ठभागावरची वाट लांब करणं. जुन्या हिशोबात हलक्या जागेसाठी दर किलोव्होल्टला १६ मिलिमीटर आणि अतिशय जड जागेसाठी ३१ मिलिमीटर अंतर धरत. ३३ हजारांच्या लाइनवर जास्तीत जास्त ३६ हजार व्होल्ट धरले तर एका ठिकाणी सुमारे ५७६ आणि दुसऱ्या ठिकाणी १११६ मिलिमीटर. जवळजवळ दुप्पट. घाटावर वर्षानुवर्षं टिकलेला इन्सुलेटर खाडीकाठी का टिकत नाही, त्याचं एक उत्तर या दोन आकड्यांत आहे.

दुसरा उपाय, पाणी न धरणारा पृष्ठभाग. सिलिकॉनच्या इन्सुलेटरवर किंवा चिनी मातीवर दिलेल्या सिलिकॉनच्या लेपावर पाणी पसरत नाही, अळूच्या पानावरच्या थेंबांसारखं सुटं सुटं राहतं. ओला थर सलग झाला नाही की करंटची वाटही सलग होत नाही.

तिसरा उपाय, धुणं. आखातात पाऊस नावालाच. वाळवंटाच्या धुळीतले क्षार आणि समुद्राचा रात्रीचा ओलावा एकत्र येतात, त्यामुळे तिथे इन्सुलेटर धुणं हे नेहमीचं काम आहे. सौदी, कुवेत, दुबईला असलेल्या आपल्या नातेवाइकांपैकी कुणी विजेच्या कामावर असेल तर त्याला विचारून बघा. पण वर्षातून किती वेळा धुवायचं आणि कोणत्या लाइनला आधी हात घालायचा, हे मोजल्याशिवाय ठरत नाही. न मोजता धुतलं तर खर्च होतो आणि नेमकी वाईट जागा राहून जाते.

आपण काय करू शकतो?

आधी जे करायचं नाही ते. खांबावर, डीपीवर, इन्सुलेटरवर पाइपने पाणी मारायचं नाही. काठीने झटकायचं नाही. मुलांना समजावून सांगा. चरचर ऐकू आली, ठिणग्या दिसल्या तर लांब उभं राहून खांबाचा नंबर लिहून घ्या आणि १९१२ वर किंवा महावितरणच्या जवळच्या कार्यालयात कळवा. पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, ती बंद आहे असं कुणी सांगितलं तरीही.

दुसरं, मोहल्ल्यात एक वही ठेवा. लाइट गेली की तारीख, वेळ आणि हवामान लिहा. दव होतं का, धुकं होतं का, भुरभुर होती का, आदल्या दिवशी समुद्रावरून जोराचा वारा होता का. दोन-तीन महिन्यांत दवाच्याच रात्री लाइट जाते असं दिसलं, तर ती वही घेऊन ग्रामपंचायतीत आणि वीज कार्यालयात जा. "लाइट सारखी जाते" या तक्रारीपेक्षा ही वही कामाची. किनारी लाइनवर मिठाचं मोजमाप झालं आहे का, इन्सुलेटर कोणत्या वर्गाचे बसवले आहेत, शेवटचे कधी धुतले किंवा बदलले, हे माहिती अधिकारातही विचारता येतं.

तिसरं, शाळेतल्या मुलांसाठी. समुद्राकडच्या खिडकीच्या काचेचा ३० बाय ५० सेंटीमीटरचा तुकडा आखून घ्या. तो बरोबर १५०० चौरस सेंटीमीटर होतो. ३०० मिलिलीटर डिस्टिल्ड पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून तो पुसा आणि टीडीएस मीटर लावा. कोऱ्या पाण्याचा आकडा आधी घेऊन वजा करा. फरक १०० आला तर साधारण ३० मिलिग्रॅम मीठ, म्हणजे ०.०२ मिलिग्रॅम दर चौरस सेंटीमीटर. मागच्या खिडकीवर हेच करा, दर महिन्याला करा. खिडकी म्हणजे इन्सुलेटर नव्हे, पण आपल्या घरावर किती मीठ येतंय आणि ते कोणत्या महिन्यात वाढतं, याचा अंदाज नक्की येईल. विज्ञान प्रदर्शनाला यापेक्षा जवळचा विषय मिळणार नाही.

पहाटेच्या अंधारात, ओल्या खांबावर चढणारा वायरमनही कुणाच्या तरी घरचा असतो. मीठ वेळेवर मोजलं, इन्सुलेटर वेळेवर धुतले तर आपल्याला सहरीला लाइट मिळेल, आणि त्यालाही त्या वेळी खांबावर चढावं लागणार नाही.